उतरताना त्याचा हात कुठे असतो?

‘खेळ सुटला, आता हिचे कसे होणार?’ हा प्रश्न घेऊन वडोदऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर वर्षी कुणी ना कुणी येतेच. कधी क्रिकेट सुटलेल्या मुलाचे वडील येतात, कधी जिम्नॅस्ट मुलीची आई. त्यांतली एक हकीकत नाव-तपशील बदलून येथे सांगते, कारण या प्रश्नाचे उत्तर कुठे शोधावे, हे मला त्या मुलीमुळे उमगले.

दांडिया बाजारात राहणारी बावीस वर्षांची ऋजुता रोलर स्केटिंगमधला जोडीचा प्रकार खेळायची. जोडीदाराला बंगळूरला नोकरी लागली आणि नऊ वर्षांची जोडी एका फोनवर मोडली. “पंधरा वर्षं चाकांवर गेली मॅडम, आता पोरीला जमिनीवर चालताच येत नाही,” आई म्हणाली, मग आवाज खाली आणून, “लोक विचारतात, दोघांचं काही होतं का?”

“प्रेम नव्हतं,” ऋजुता तिसऱ्या भेटीत म्हणाली. “पण त्याचा श्वास ऐकून मी उडी घ्यायचे. आता कशावरून घेऊ?” बोलताना तिने स्वतःचेच डावे मनगट उजव्या हाताने घट्ट धरलेले असे, लिफ्टच्या, म्हणजे जोडीदाराने वर उचलतानाच्या, पकडीने तळव्यावर पडलेला घट्टा अजून गेला नव्हता.

अशा वेळी पालकांना मी प्रथम हे सांगते की, रोजचा चार तासांचा सराव एकाएकी थांबला की झोप आणि भूक बिघडणारच. त्याला आळस म्हणू नये, आणि व्यायाम पूर्ण बंद न करता हळूहळू कमी करावा. ‘पुढे काय ठरवलंस?’ हा प्रश्न काही आठवडे घरात कुणीही विचारू नये. नवा जोडीदार शोधण्याची घाईही नको. बर्फावरच्या जोडी-स्केटिंगमध्ये इरिना रोदनिना हिने १९७२चे ऑलिंपिक सुवर्ण उलानोव्हबरोबर आणि १९७६, १९८०ची झायत्सेव्हबरोबर जिंकली. डिआना स्टेलाटो-डुडेक दुखापतींमुळे खेळ सोडून सोळा वर्षांनी परतली आणि २०२४मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, जोडीची विश्वविजेती झाली. ही उदाहरणे खरी आहेत, तरी पहिल्या महिन्यांत ती मुलांना सांगू नयेत, कारण त्यांतून उमेद मिळण्याऐवजी जाब विचारल्यासारखे वाटते.

ऋजुताला मी बर्फावरच्या जोडी-स्केटिंगमधल्या इकातेरीना गोर्देयेवाची गोष्ट सांगितली. सेर्गेई ग्रिंकोव्हबरोबर तिने १९८८ आणि १९९४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. तो तिचा नवराही होता. नोव्हेंबर १९९५मध्ये लेक प्लॅसिडला सराव करताना तो कोसळला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, त्याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात, ती एकटी बर्फावर उतरली.

“एकटी कशी उतरली?” ऋजुताने विचारले.

‘उतरली’ हा शब्द तिच्या तोंडून ऐकताच, पाच भेटी मी चुकीचे प्रश्न विचारत होते, हे माझ्या लक्षात आले. मी म्हणाले, “थ्रो जंपमध्ये तू उतरतेस, तेव्हा त्याचा हात कुठे असतो?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग खुर्चीतच तिचा उजवा पाय किंचित वाकला, टाच मागे सरकली, जणू हवेतून खाली येऊन ती एका पायावर मागे घसरत होती. “नसतो,” ती म्हणाली. “तो फेकतो आणि सोडतो. लँडिंग माझं एकटीचंच असतं.” मनगटावरची पकड केव्हा सुटली, हे तिला कळलेही नाही, मला मात्र दिसले, आणि इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी बोटांवर मोजू शकते.

घटनेपेक्षा, तिच्याविषयी मनाशी बांधलेले एखादे वाक्यच माणसाला अधिक काळ जखडून ठेवते, असे मी मानत आले आहे. ‘त्याच्याशिवाय मला येत नाही’ हे ऋजुताचे वाक्य होते, आणि ते खोटे ठरवणारा पुरावा नऊ वर्षे तिच्याच पायात होता. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, मुलांना धीराची वाक्ये ऐकवण्यापेक्षा खेळातले बारकावे विचारा: पकड कशी घेतेस, तोल गेला तर काय करतेस, आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. ऋजुताच्या आईला हे जड गेले, पण तिने ते केले.

दुःख त्याच दिवशी संपले असे नाही. जोडीदाराच्या लग्नाची पत्रिका आली, तेव्हा ती पुन्हा दोन भेटींसाठी आली. आता ती एम.कॉम. करते. यंदा खंडेनवमीला तिने माळ्यावरून स्केट्स काढले, एकेक चाक पुसले आणि हळदकुंकू वाहिले, असे आईने फोनवर सांगितले. दुसऱ्या दिवशी ते परत माळ्यावर गेले का, हे मी विचारले नाही.