‘पोट्टा दिवसभर गाडीखालीच असते’: एका वडिलांच्या पत्राला उत्तर

प्रिय भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. इतर पालकांनाही कळावं म्हणून त्यातला मजकूर आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले, सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा बारावी सायन्स झाला, बीएस्सीला नाव घातलं आणि पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं. तालुक्याच्या एका डॉक्टरांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी त्यानं तीस हजारांत आणली. ती गोठ्याच्या अर्ध्या भागात उभी आहे. शेजारी तुमच्या चुलतभावाची १९७४ सालची पेट्रोल जीप आहे आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं मुलाच्या मनात आहे. "पोट्टा दिवसभर गाडीखालीच असते, विचारलं तर म्हणते हाच धंदा करतो," असं तुम्ही लिहिता. शेवटी विचारता, यात पोट भरते का, आणि भरत असेल तर दोन एकर विकून त्याला रोडवर गॅरेज टाकून द्यावं का?

जमीन विकू नका. बाकीचं बोलणं त्यानंतर.

जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचा धंदा खरा आहे. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणं बंद होऊन वीस वर्षांवर काळ लोटला, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, ॲम्बेसेडर आणि मारुती ८०० यांचं उत्पादन २०१४ साली थांबलं. या गाड्यांत लहानपण गेलेली माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत आणि वडिलांची गाडी पुन्हा चालवायची म्हणून पैसे मोजायला तयार आहेत. पण ती माणसं नागपूर, पुणे, मुंबईत आहेत. तुमच्या गावात असं गिऱ्हाईक वर्षाला एखादं आलं तरी खूप. त्यामुळे मुलानं रोजची भाकरी ट्रॅक्टर, पिकअप आणि बोलेरोच्या दुरुस्तीवर कमवायची आणि जुन्या गाडीचं एक काम सोबत चालू ठेवायचं, हा हिशेब त्यानं आजच मान्य करावा. ट्रॅक्टर दुरुस्त करणं त्याला कमीपणाचं वाटत असेल तर या धंद्यात येऊ नये, असं मी त्याला तोंडावर सांगेन.

आता तुमच्या बाजूनं काय आहे ते बघा, कारण पत्रात तुम्ही फक्त अडचणी लिहिल्या आहेत. नीट केलेल्या रिस्टोरेशनला महिनोन्‌महिने लागतात. तेवढा काळ गाडी उघडी पडून जागा अडवते आणि शहरातल्या गॅरेजवाल्याचा नफा त्या जागेच्या भाड्यात जातो. तुमच्याकडे जागा घरची आहे. दुसरं म्हणजे आपली हवा. कोकणातली खारी हवा पत्रा खाऊन टाकते. आपल्याकडे उन्हानं रबर, होसपाइप आणि डॅशबोर्ड तडकतात, पण पत्रा त्या मानानं टिकतो. विदर्भात कोरड्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी म्हणूनच जाणकाराला आवडते. अशा गाड्या तालुक्या-तालुक्यात जुन्या वाड्यांच्या मागे ताडपत्रीखाली पडून आहेत आणि मुलाला त्या शोधायला लांब जावं लागणार नाही.

पत्रातल्या एका ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. तुम्ही लिहिता की त्यानं पद्मिनीचं इंजिन उघडलं, बसवलं, चालू करून दाखवलं, "पण गाडी तशीच हाय, खालचा पत्रा सडलेला, वायरी लोंबते." इंजिन चालू केल्याचं कौतुक आहेच. पण पद्मिनीचं इंजिन म्हणजे १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं साधं यंत्र. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग लेथवाला करून देतो, गॅस्केट आणि पिस्टन शोधले की मिळतात. खरं अवघड काम तो टाळतोय ते आहे, पत्रा. जीपला खाली वेगळी चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असते. पद्मिनीला नसते, तिची बॉडी हीच तिची चॅसी. फ्लोअर आणि दारांखालच्या पेट्या सडल्या तर गाडीची ताकदच गेली. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की गाडी फोटोत सुंदर दिसते आणि खड्ड्यात दार उघडेनासं होतं. सडलेला भाग पूर्ण कापून, त्याच मापाचा पत्रा वळवून, वाकडेपणा न येता वेल्ड करणारा कारागीर आज मिळत नाही. इंजिन मेकॅनिक प्रत्येक बसस्टँडजवळ आहेत. तुमच्या मुलाला नाव आणि पैसा मिळेल तो पत्र्यात आणि वायरिंगमध्ये, आणि या दोन्ही गोष्टी घरच्या घरी व्हिडिओ बघून अर्धवटच येतात.

म्हणून त्याला आयटीआयला पाठवा. मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड दोन वर्षांचा आहे, वेल्डर एका वर्षाचा. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश मिळू शकतो आणि चारचौघांत ते अधिक शोभतं हे मला कळतं. पण या मुलाच्या हाताला काम हवंय, म्हणून माझा कौल आयटीआयला. दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर अर्ज निघतात. कुठल्या गावी कोणता ट्रेड आहे ते तिथेच दिसतं. नंतर शिकाऊ उमेदवारी करताना एसटीची कार्यशाळा मिळाली तर सोडू नये. यवतमाळला विभागीय कार्यशाळा आहे आणि नागपूरजवळ हिंगण्याला मध्यवर्ती कार्यशाळा, जिथं बसच्या बॉडीचं काम चालतं. पत्रा, रिव्हेट, वेल्डिंग, रंग हे सगळं एका छताखाली, रोज, मोठ्या प्रमाणावर बघायला मिळणं ही संधी पुण्याच्या महागड्या कोर्समध्येही नाही.

आता जीप. इथं मला थोडं कडक बोलावं लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची आधी परवानगी लागते, आणि पेट्रोलच्या जागी मनाला येईल ते डिझेल इंजिन ही परवानगी सहज मिळण्याची गोष्ट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात अशा बऱ्याच जीपा फिरतात हे मी बघतो. पण अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर आणि आरसी ताडून बघते.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. १९७४ ची जीप म्हणजे तिनं पन्नाशी ओलांडली. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या जीपचं इंजिन मुलगा काढून ठेवायला निघालाय, ती तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची गाडी आहे, आणि ते मोल त्या जुन्या पेट्रोल इंजिनात आहे. व्हिंटेज नोंदणीनंतर ती रोजच्या किंवा भाड्याच्या कामाला लावता येत नाही, रॅली, प्रदर्शन आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर येते, हेही चुलतभावाला आधी सांगा. शेतात न्यायला आणि मायलेजसाठी डिझेल हवं असेल तर वेगळी गाडी घ्यावी.

पद्मिनी २०३६ पर्यंत व्हिंटेज होत नाही. तिची साधी फेरनोंदणी चालू ठेवावी लागेल. "पंधरा वर्षांची गाडी सरकार भंगारात काढते म्हणे," असं तुम्ही विचारलंय. तसा सरसकट नियम दिल्लीच्या परिसरासाठी निघाला होता. आपल्याकडे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क २०२५ मध्ये बरंच वाढलंय. पण आधी एक बघा, ती गाडी मुलाच्या नावावर झाली का? डॉक्टरांची सही असलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० आहेत का? जुनं आरसी पुस्तक ऑनलाइन चढलेलं नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. हे कागद नसतील तर पुढच्या रुपयाचा पत्राही आणू नका. डॉक्टर आज भेटतात, दहा वर्षांनी त्यांच्या वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल.

सुधारणा करायची त्याला हौस आहे, ती करू द्या, पण परत काढता येतील अशा. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंट-कंडेन्सरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, हेडलाइटला रिले, पुढे सीटबेल्ट. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या पंपाचा पडदा, कार्बोरेटरची रबरं, पेट्रोलचा पाइप त्यानं फुगतात किंवा चिरतात. इथेनॉलला टिकणारे भाग बसवणं हे पहिल्या यादीत हवं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नये.

गोठ्याबद्दल मला खरी काळजी आहे. तुमच्याकडे कुटार, म्हणजे जनावरांचा वाळला चारा, असेल आणि भाव येईपर्यंत कापूसही घरातच असेल. वेल्डिंगची एक ठिणगी कुटारात तासभर धुमसते आणि मग पेटते. वेल्डिंग, ग्राइंडर आणि थिनर यांची जागा आजच वेगळी करा, वर टिनाचं छप्पर चालेल, पण जवळ चारा, कापूस आणि जनावर नको. पेट्रोलची टाकी कधीही घरी वेल्ड करू नये, रिकामी तर मुळीच नाही, तिच्यात उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये, पक्क्या स्टँडवर टेकवूनच शिरावं. रंग दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत मारावा. पावसाळ्यात दमटपणानं रंग पांढरट पडतो, मे महिन्यात थिनर हवेतच उडून जातं. आणि कंप्रेसरला शेतीच्या पंपाची वीज लावू नका, ती थ्री फेज पाळीनं येते आणि तिचा असा वापर नियमाबाहेर आहे. वेगळं कनेक्शन घ्या.

पैशाचं सांगतो. आयटीआय आणि उमेदवारी होईपर्यंत मोठी गुंतवणूक नको, हत्यारं एकेक करून जमतील. त्यानंतर पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या कर्ज-अनुदान योजनेत सेवा व्यवसायाला वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदान असतं. तेव्हा बँकेसमोर ठेवायला त्याच्याजवळ पद्मिनी हवी, पूर्ण झालेली, पासिंग झालेली, प्रत्येक टप्प्याच्या फोटोंसह आणि कशाला किती लागले या वहीसह. ती वही आजपासून लिहायला लावा. उद्या गिऱ्हाइकाला अंदाजपत्रक देताना आणि टप्प्याटप्प्यानं आगाऊ रक्कम मागताना त्याला तीच उपयोगी पडेल.

या आठवड्यात दोन कामं करा. मुलाला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि फॉर्मवर सह्या घ्या. जीपच्या आरसीची आणि चॅसी नंबरच्या पेन्सिल छापाची प्रत मला पाठवा. इंजिन नंबर जुळतो का ते आपण बघू, मग चुलतभावाशी मी स्वतः बोलतो.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक