१००१ दिवसांत १०१ संकल्प: यादी कशी करावी आणि ती अर्ध्यात का सुटते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १०१ संकल्पांची यादी करून १७ सप्टेंबर २०२६ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, सुरुवात करायची आहे. मुदत १००१ दिवस. साठपर्यंत आकडा गेला, पुढे सुचत नाही, आणि मागची अशीच यादी दोन महिन्यांत मागे पडली. तुम्ही परभणीचे, म्हणून उदाहरणं आपल्याच भागातली घेतो.

आधी शेवटची तारीख पक्की करा. पहिला दिवस मोजणीत धरायचा असतो, म्हणून सुरुवातीच्या तारखेत १००० मिळवायचे, १००१ नाही. तुमचा शेवटचा दिवस येतो १३ जून २०२९, बुधवार. १००१ दिवस म्हणजे बरोबर १४३ आठवडे, आणि १४३ म्हणजे तेरा अकरे. त्यामुळे ही मुदत तेरा-तेरा आठवड्यांच्या अकरा टप्प्यांत काही शिल्लक न राहता बसते. तुमचा प्रत्येक टप्पा गुरुवारी सुरू होऊन बुधवारी संपेल. पहिला १६ डिसेंबर २०२६ ला. टप्प्याला नऊ कामं, दोन टप्प्यांत दहा, की १०१ झाले. सगळी यादी रोज डोळ्यांसमोर ठेवायची नाही. या टप्प्याची नऊ कामं एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, बाकीची वहीत राहू द्या.

आता खरी मेख. बहुतेक जण दिवस मोजतात, संधी मोजत नाहीत. तुमच्या १००१ दिवसांत जून ते सप्टेंबर असे पूर्ण पावसाळे दोनच आहेत, २०२७ आणि २०२८ चे. उन्हाळे तीन, सोयाबीनच्या काढण्या तीन, येळवशी (वेळ अमावास्या) तीन, आषाढी वाऱ्या मात्र दोन. पायी वारी यादीत असेल तर तुमच्या हातात १००१ दिवस नाहीत, दोन संधी आहेत, आणि पहिली चुकली तर एकच. विहिरीत पोहायला शिकण्याचंही तसंच. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बऱ्याच विहिरींना पाणी असतं. सुट्टी मिळते एप्रिल-मेमध्ये, तेव्हा तळ दिसतो. म्हणून प्रत्येक कामापुढे ‘संधी किती’ असा एक रकाना ठेवा. ज्यांच्यापुढे एक किंवा दोन आकडा येईल ती कामं आधी टप्प्यांत बसवा, बाकीची नंतर भरा. या एका रकान्याने यादी जितकी सुधारते तितकी दुसऱ्या कशानेच सुधारत नाही, असं माझं ठाम मत आहे.

झाडांचं उदाहरण नीट उलगडून सांगतो, कारण ते जवळपास प्रत्येक यादीत असतं आणि जवळपास प्रत्येक यादीत चुकीचं लिहिलेलं असतं. ‘दहा झाडं लावणे’ हे एका सकाळचं काम आहे. ते झालं म्हणून खूण करता येते आणि पुढच्या मे महिन्यात दहाच्या दहा काड्या उभ्या असतात. त्याऐवजी लिहा: ‘१३ जून २०२९ ला, लावलेल्या दहांपैकी किमान सात झाडं जिवंत.’ असं लिहिलं की बाकीची कामं आपोआप दिसू लागतात. २०२७ च्या मे महिन्यात दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असे खड्डे खोदून उन्हात तापू द्यायचे. चांगला पाऊस झाल्यावर माती आणि शेणखत भरून कडुलिंब, चिंच, करंज अशी आपल्याकडे तग धरणारी रोपं लावायची. मग पाणी. फेब्रुवारी ते मध्य जून साधारण १८ आठवडे, झाडाला आठवड्याला १५ लिटर धरलं तर दहा झाडांना एका उन्हाळ्यात २७०० लिटर लागतं, म्हणजे दोनशे लिटरचे साडेतेरा बॅरल. उन्हाळे दोन. हे पाणी कुठून आणणार आणि गावी नसाल तेव्हा कोण घालणार, याचं उत्तर नसेल तर दहाऐवजी तीन झाडं लिहा. आळ्यात पाचट किंवा पालापाचोळा अंथरला तर ओल जास्त टिकते, तेही सोडू नका.

लिहिण्याची कसोटी एकच. काम झालं की नाही हे तिऱ्हाईत माणसाला विचारून ठरवता आलं पाहिजे. ‘वजन कमी करणे’ हे ठरवता येत नाही. ‘८२ किलोवरून ७४ वर आणून सलग दोन टप्पे तिथे ठेवणे’ हे येतं. जे दुसऱ्याच्या हातात आहे ते आपल्या हातात आणून लिहा. सरकारी नोकरी लागणे हा संकल्प नव्हे, तो निकाल आहे. ‘मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे’ हा संकल्प. रोजच्या सवयींना ‘सलग’ हा शब्द लावू नका. ‘सलग ९० दिवस व्यायाम’ असं लिहिलं की विसाव्या दिवशी लग्नाला जावं लागतं, साखळी तुटते आणि माणूस सगळंच सोडतो. ‘एका टप्प्याच्या ९१ दिवसांत ७० वेळा’ असं लिहा. आजारपण, पाहुणे, पेरणी, सगळं त्या २१ दिवसांत मावतं. अशा सवयी १०१ मध्ये सात-आठच असाव्यात आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त चालू नसाव्यात.

काही कामं एकमेकांच्या शेपटीला बांधलेली असतात. चारचाकी घेऊन माहूरला जायचंय, पण परवाना नाही. मग आधी शिकाऊ परवाना, तो मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी, आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने. या साखळीतली पहिली कडी ज्या टप्प्यात, त्याच्या पुढच्या टप्प्यात शेवटची. शिकाऊ परवाना काढून तसाच ठेवला तर मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून.

पैशाचा रकाना टाळू नका. प्रत्येक कामापुढे अंदाजे खर्च लिहून बेरीज करा. बेरीज १,९८,००० आली तर ३३ महिन्यांनी भागून महिन्याला ६,००० होतात. पगारदाराला हे चालेल. घर शेतीवर असेल तर हा भागाकार खोटा आहे. पैसा सोयाबीन विकल्यावर येतो, तुरीचा त्यानंतर, आणि जून-जुलैत बियाणं-खतात जातो. खर्चाची कामं डिसेंबर ते मार्चच्या टप्प्यात टाका, जून ते सप्टेंबर बिनखर्चाची.

साठच्या पुढे सुचत नाही, यात काळजीचं काहीच नाही. १०१ पहिल्याच दिवशी भरायची गरज नाही. ओढूनताणून सुचवलेली शेवटची तीस-चाळीस कामं दुसऱ्यांच्या याद्यांतून उचललेली असतात आणि तीच आधी मरतात. साठवर सुरू करा आणि पहिल्या टप्प्याचे ९१ दिवस वही उघडी ठेवा. मोठी कामं फोडूनही आकडा वाढतो, फक्त फोडण्याचा नियम एक ठेवा: एका फेरीत होतं ते एक काम. परभणीहून औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ एका दिवसात होतात, ते एक. घृष्णेश्वर वेरूळ लेण्यांच्या शेजारीच, ते दुसरं. अजिंठा वेगळा मुक्काम मागतो, म्हणून तिसरं. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी, तेव्हा जोडून सुट्टी टाकताना वार बघा.

टप्पा संपणाऱ्या बुधवारी तासभर बसा. झालेल्या कामापुढे तारीख घाला, ‘झालं’ एवढंच नको. राहिलेलं का राहिलं ते एका ओळीत. काम बदलायची मुभा फक्त याच दिवशी आणि पूर्ण मुदतीत दहाच वेळा. जुनं काम एक रेघ मारून वाचता येईल असं राहू द्या, खोडरबर नको. पुढची नऊ निवडताना पाच सोपी, तीन मोजणीची (पन्नास पुस्तकं असतील तर वीस दिवसाला एक, म्हणजे टप्प्यात चार-पाच), आणि एक जड. जड काम प्रत्येक टप्प्यात हवंच, नाहीतर सोपी सगळी पहिल्या वर्षात संपतात आणि डोंगर शेवटी उरतो.

शेवटचा टप्पा १५ मार्च ते १३ जून २०२९, म्हणजे सगळा उन्हाळा आणि लग्नसराई. त्यात प्रवास, पोहणं, झाडं लावणं यातलं काहीही ठेवू नका. घरात बसून होणारी कामं तिथे टाका: जुन्या फोटोंच्या मागे नावं आणि गावं लिहिणं, आजीकडून लोणच्याची मापं लिहून घेणं, सातबारा आणि विम्याची कागदं एका फाइलला लावणं. आजीचं काम मात्र पहिल्या टप्प्यात घ्या.