माझ्या शेतातून जाणारी पायवाट बंद करता येईल का, किंवा बांधावरून वळवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या जमिनीतून मागचे तीन-चार शेतकरी तिरपे जातात, तुमचं पीक तुडवलं जातं आणि सातबाऱ्यावर रस्त्याची कसलीच नोंद नाही. मी तालुक्याला महसुली दाव्यांची वकिली करतो. असं प्रकरण आलं की मी सातबारा बाजूला ठेवतो आणि आधी गाव नकाशा मागतो.

नकाशात एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. तुमच्या गटातून अशी रेषा जात असेल तर ती वाट सार्वजनिक आहे. ती तुम्ही बंद करू शकत नाही आणि शेजाऱ्यांनी लेखी संमती दिली तरी तेवढ्याने ती बंद होत नाही. त्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 21 आहे. वाट लोकांना खरोखर लागत नाही असं जिल्हाधिकाऱ्यांना वाटलं, तर ते अधिसूचना काढून हरकती मागवतात आणि मगच हक्क संपुष्टात येतात. रोज वापरात असलेल्या वाटेसाठी हा मार्ग धरू नका.

नकाशात रेषा नसली म्हणजे तुम्ही मोकळे झालात, असंही नाही. वहिवाट, म्हणजे वर्षानुवर्षांचा वापर, हाही हक्कच आहे. तुम्ही तारा ठोकल्या तर शेजारी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाईल. त्या दाव्यात जमीन कोणाची हा प्रश्नच नसतो. वाट होती का आणि ती अडवली का, एवढंच बघतात. स्थळ पाहणीला गेलं की वाट नांगरलेली असली तरी ओळखू येते. वर्षानुवर्षं दाबली गेलेली जमीन एका नांगरटीने सुटत नाही. त्या पट्ट्यातलं पीक आजूबाजूच्यापेक्षा वीतभर खुजं राहतं आणि पंच तेच लिहून देतात. शिवाय वीस वर्षं उघडपणे, हक्काने आणि अखंड वापर झाला असेल, तर 1882 च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्या-येण्यासारखे हक्क) कायद्याचं कलम 15 त्यांच्या बाजूने उभं राहतं.

म्हणून बंद करण्याचा विचार सोडा; वाट नकाशावरची नसेल, तर वळवण्याचा करा. सुविधाधिकार कायद्याचं कलम 22 सांगतं की वाटेचा हक्क जमीनमालकाला कमीत कमी त्रास होईल असाच वापरायचा. पण ठरलेली वाट एकतर्फी हलवायची मुभा त्यातून मिळत नाही. संमती लागतेच, आणि ती नवी वाट आधी तयार असेल तरच मिळते.

बहुतेक प्रकरणं इथेच बिघडतात. मालक बांधाकडेने आठ फूट सोडतो आणि समजतो, झालं. तिरप्या वाटेला वळण नसतं, बांधावरच्या वाटेला काटकोन असतो. उसाची भरलेली ट्रॉली त्या कोपऱ्यात वळत नाही, मग ट्रॅक्टरवाला पुन्हा तुमच्या पिकातून जातो आणि भांडण पहिल्यापेक्षा वाढतं. कोपरा गोल सोडा, त्यासाठी गुंठाभर जमीन गेली तरी जाऊ द्या. पाणी जिथे आडवं जातं तिथे सिमेंटचा पाइप टाका. काळी जमीन असेल तर मुरूम हवाच.

मग करार करा. सातबाऱ्यावरच्या सगळ्या खातेदारांच्या सह्या घ्या, कर्त्या माणसाची एकट्याची सही पुरत नाही. बहिणींचीही नावं असतील तर त्याही हव्यात. सोबत मोजमापांसह कच्चा नकाशा जोडा आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करा. साध्या स्टॅम्पवरचं लिखाण पुढची पिढी मानत नाही. नंतर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंद घालण्यासाठी अर्ज द्या.

एखादा अडूनच बसला तर जुनी वाट तशीच ठेवा. त्याने संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागितला तर विरोध करू नका. तुम्हाला हवी तीच वाट तहसीलदारांच्या आदेशाने मिळते आणि जुनीबद्दलची तडजोड त्याच प्रकरणात लिहून घेता येते.

हे काम रब्बी निघाल्यावर, उन्हाळ्यात करा. नव्या वाटेवरून एक पावसाळा पार पडेपर्यंत जुनीवर नांगर घालू नका.