मुलाला दूध आणि उसळी बाधतात, एन्झाइमचं कुठलं औषध चांगलं?

निपाणीच्या मेडिकलमध्ये दाखवलेल्या तीन औषधांतलं कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. आधी नेमकं काय बाधतंय ते ठरवा. प्रत्येक एन्झाइमचं (अन्न फोडून पचवणाऱ्या घटकाचं) काम वेगळं असतं.

दुधाने पोट फुगून जुलाब होत असतील, तर लॅक्टेज. ते दुधातली साखर (लॅक्टोज) फोडतं, म्हणून दुधासोबतच द्यायचं. तासाभराने देऊन उपयोग नाही. पण अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात किंवा शौचातून रक्त जातं, तर दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. तिथे लॅक्टेज कुचकामी, आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत कुंद्याचा (दुधाच्या मिठाईचा) एक घाससुद्धा नको, आजीने कितीही आग्रह केला तरी.

उसळींच्या गॅसवर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज असतं. गॅलॅक्टोसेमिया (गॅलॅक्टोज ही साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्या मुलाला ते देत नाहीत. खरं तर मटकी रात्रभर भिजवून पाणी ओतून टाकलं तरी त्रास बराच कमी होतो.

मेडिकलमधलं तिसरं औषध, ते गोड सिरप, बहुधा डायस्टेज-पेप्सिनचं असेल. दूध न पचण्याशी त्याचा संबंध नाही, पैसे वाचवा.

तुलना करताना मिलिग्रॅम नाही, युनिट बघा; लॅक्टेजवर ते एफसीसी (फूड केमिकल्स कोडेक्स या मानकाचं युनिट) असं लिहितात. डोस बालरोगतज्ज्ञांकडूनच घ्या.

गव्हाचा संशय असेल, तर चपाती बंद करून जोंधळ्याच्या भाकरीवर जाण्याआधी टीटीजी-आयजीए ही सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी करा. गहू सोडल्यावर ती फसवी येऊ शकते. सीलिॲक निघाला, तर ‘ग्लूटेन पचवणाऱ्या’ गोळ्यांच्या भरवशावर गहू देता येत नाही.