मी ‘बघू’ लिहिलं होतं

प्रिय बाळा,

काल तू मला फोनवरचे तीन मसुदे वाचून दाखवलेस आणि विचारलंस, यातला मैत्रिणीला कोणता पाठवू? मी गप्प राहिलो, म्हणून खट्टू होऊन निघून गेलीस. उत्तर आज देतो. एकही नको. तिला फोन लाव.

निळ्या खुणा उमटून चार दिवस झाले तरी उत्तर नाही, हे तुला फार लागलंय. व्हॉट्सॲपवर त्या खुणा २०१४ मध्ये आल्या आणि तेव्हापासून माणसाचं गप्प बसणंही उत्तर म्हणून वाचलं जाऊ लागलं. मेसेज उघडला गेला, एवढंच ती खूण सांगते. वाचताना मैत्रिणीचा चेहरा कसा झाला, हे त्या खुणेला ठाऊक नसतं. तू मात्र त्यातून मैत्रिणीचा सगळा स्वभाव वाचून काढलास!

माझ्या एका जिवलग मित्राने मला नव्या कामात भागीदारीसाठी बोलावलं होतं, मेसेज करून. मी घाईत ‘बघू’ एवढंच लिहिलं. हा शब्द तोंडाने म्हणून बघ. हेल काढला तर टाळाटाळ, झटक्यात म्हटला तर होकार, दात आवळून म्हटला तर धमकी. माझा होकार होता. त्याला नकार दिसला. तो काही बोलला नाही, तो मला ताठा वाटला. अकरा महिने असे गेले. भेटलो तेव्हा काम दुसऱ्याबरोबर सुरू झालं होतं आणि आमच्या बोलण्यात एक अदब आली होती. ती अजून आहे. माझा होकार खरा होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. त्या दिवशी खरंच वेळ नव्हता. पण फोनला अर्धं मिनिट लागलं असतं, त्याचं काय करू?

तुला पुरावा लागतो ना? २०१२ च्या एका प्रयोगात शाळकरी मुलींना परक्यांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावलं. मग काही जणी आईशी फोनवर बोलल्या, काहींनी आईशी मेसेजवर संवाद साधला. आवाज ऐकलेल्या मुलींचा ताण उतरला. मेसेजवाल्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक, आईशी अजिबात संपर्क न झालेल्या मुलींइतकंच चढं राहिलं. आई तीच, माया तीच. फक्त आवाज नव्हता. म्हणून म्हणतो, फोन लाव.

‘फोनवर मी अडखळते,’ म्हणालीस. अडखळ की! मसुद्यातून तू नेमकं तेच पुसून टाकतेस, आणि तुला किती लागलंय हे तिला त्या अडखळण्यातूनच कळणार आहे. ‘आता बोलू का?’ एवढं विचारायला मेसेज खुशाल कर. वेळ ठरवायला ते साधन उत्तम आहे. रुसवा काढायला नाही.

मग मी हे पत्र का लिहिलं? तू हे चारदा वाचावंस, माझ्यावर चिडावंस, पुन्हा वाचावंस, म्हणून. सल्ला असा मुरू देता येतो. भांडण मुरलं की आंबतं, हे मी भोगलंय.

आज रात्रीच लाव. तिने उचलला नाही, तर उद्या परत. आणि त्याआधी ते तिन्ही मसुदे पुसून टाक. समोर असले तर तू तेच वाचून दाखवशील.