जुन्या लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे हार्ड डिस्क टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की 2012 चा लॅपटॉप आहे, आत 500 जीबीची हार्ड डिस्क, मशीन चालू व्हायलाच पाच मिनिटं, आणि दुकानवाला सांगतोय की मेन जागेवर एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवाली वेगवान डिस्क) टाकू, डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे ड्राइव्हच्याच मापाच्या चौकटीत, जुनी हार्ड डिस्क बसवू. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की घरात लग्नाच्या, बारशाच्या सीड्या-डीव्हीड्या डब्यात पडून आहेत, त्यांचं नंतर बघू.

तर ते 'नंतर बघू' आधी करा. एसएसडी टाकाच, त्यात दुमत नाही, पण ज्या ड्राइव्हने त्या सीड्या वाचल्या जाणार तोच काढून टाकायला निघालात आणि आज नवीन लॅपटॉपमध्ये तो सहसा मिळत नाही, मग परत बाहेरून यूएसबीवाला ड्राइव्ह आणा.

मुंबईत सीड्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको, चार पावसाळे कपाटात काढले की बुरशीचे पांढरे ठिपके येतात. मऊ सुती कापड किंचित ओलं करून पुसा, पण गोल गोल पुसू नका, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. कारण डेटा चकलीसारखा गोल फिरत लिहिलेला असतो, त्याला आडवा चरा गेला तर सीडीतलीच एरर करेक्शन, म्हणजे चूक सुधारायची सोय, तेवढी गॅप भरून काढते, पण रेषेच्याच दिशेने लांब चरा पडला की सलग डेटा जातो आणि मग एरर करेक्शनलाही तो भरून काढता येत नाही. आणि सीडी लेबल खाली करून उलटी ठेवू नका, लोकांना वाटतं चकचकीत बाजू जपायची, खरं तर सीडीत डेटाचा थर वरच्या लेबलच्या लगेच खाली असतो, म्हणजे लेबलवर ओरखडा आला किंवा कोणी चिकटवलेला स्टिकर खेचून काढला तर खेळ संपला. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो त्यामुळे तिथे वरच्या बाजूची एवढी भीती नाही.

लग्नाच्या जुन्या सीड्या बहुतेक व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) असतात, आत एका फोल्डरमध्ये डॅट एक्स्टेन्शनच्या मोठ्या फाइल्स दिसतील, त्या सरळ कॉपी करून घ्या, व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये चालतात. चित्र 352 बाय 288 चंच असतं, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर मामा-मामी धुरकट दिसले तर कॉपी बिघडली असं समजू नका, मुळातच तसं आहे. डीव्हीडी असेल तर व्हिडिओ टीएस नावाचं अख्खं फोल्डर उचला, त्यातल्या व्हीओबी फाइल्स जास्तीत जास्त 1 जीबीच्या तुकड्यांत असतात, त्यातली एखादीच घेतली तर मंगलाष्टकं अर्ध्यात तुटतील. कॉपी मध्येच अडकून ड्राइव्ह घरघर करत बसला तर अर्धा अर्धा तास वाट बघत बसू नका, डिस्क काढा आणि दुसऱ्या कोणाच्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, एकाला न वाचता येणारी डिस्क दुसरा आरामात वाचतो असं बऱ्याचदा होतं. ट्रे बाहेरच येत नसेल तर त्याच्या तोंडावर एक बारीक भोक असतं, लॅपटॉप बंद करा, जेम क्लिप सरळ करून आत दाबा, ट्रे थोडा पुढे येतो, मग हाताने ओढा.

आता हार्ड डिस्क. काहीही उघडण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि दोन ओळी बघा, रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर (वाचायला अडकलेल्या जागा). दोन्ही शून्य असतील तर निदान या बाबतीत डिस्क ठीक आहे. पेंडिंगमध्ये आकडा दिसला तर डिस्कला काही जागा वाचता येत नाहीयेत, मग डिफ्रॅग, चेकडिस्क अशी विंडोजची आवराआवर-दुरुस्तीची टूल्स नको, आधी जे लागतं ते फोटो-कागदपत्रं बाहेर काढा, कारण दुरुस्तीच्या नावाखाली मरणाऱ्या डिस्कला अजून धावायला लावण्यात काही शहाणपणा नाही. आणि टक्-टक् आवाज येत असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल तर मशीन बंद करा आणि रिकव्हरीवाल्याकडेच न्या, घरी प्रयोग नको.

दुकानवाल्याच्या कॅडीच्या आयडियाबद्दल माझं स्पष्ट मत, एवढा खटाटोप नको. 240 जीबीची एसएसडी आणि वर कॅडी घेण्याऐवजी सरळ 500 च्या आसपासची एसएसडी घ्या आणि जुनी डिस्क 2.5 इंची यूएसबी केसमध्ये टाकून बॅकअपला ठेवा. दहा-बारा वर्षं फिरलेली डिस्क रोज लॅपटॉपमध्ये फिरत ठेवली की बॅटरी खाणार, गरम होणार, आणि वर स्लीपमधून उठताना कधी कधी नखरे करणार. तरीही कॅडी लावायचीच असेल तर जाडी मोजा, लॅपटॉपचे डीव्हीडी ड्राइव्ह 12.7 मिमी आणि 9.5 मिमी अशा दोन मापांत येतात आणि चुकीची कॅडी बसत नाही, आणि एसएसडी कधीही कॅडीत नाही, मेन जागेवरच, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये डीव्हीडीचं पोर्ट मेन पोर्टपेक्षा स्लो असतं.

एसएसडी घेताना 2.5 इंची साटा (तुमच्या जुन्या डिस्कचंच कनेक्शन) असं स्पष्ट सांगा, नाहीतर कोणी तरी एम.2 ची पट्टी हातात देईल, ती तुमच्या मशीनला लागणार नाही. एसएसडी 7 मिमी जाड असते, तुमची जुनी डिस्क बहुतेक 9.5 असेल, तर आत हलू नये म्हणून प्लास्टिकची चौकट मिळते ती मागून घ्या. तुमचं साटा पोर्ट जुनं, स्लो, 3 गिगाबिटचं निघालं तरी काळजी करू नका, विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाइल्स इकडून तिकडून वाचल्या जातात, हार्ड डिस्कचा जीव तिथे जातो, सलग कॉपीला 80-100 एमबीचा स्पीड देणारी डिस्क अशा बारक्या वाचनात सेकंदाला 1 एमबीवर पण धड टिकत नाही, एसएसडी तिथे कितीतरी पट पुढे असते.

क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची विंडोजसकट हुबेहूब कॉपी, करायचा विचार असेल तर एक गोष्ट, 500 जीबीची डिस्क 480 च्या एसएसडीवर क्लोनझिलासारखं सॉफ्टवेअर सरळ घेत नाही, आधी जुन्या डिस्कवरचं पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान करावं लागतं. मी म्हणेन नवीन इन्स्टॉल करा, एवढ्या वर्षांचा कचरा कशाला नेता पुढे. बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्कसाठी एएचसीआय मोड आहे ना ते इन्स्टॉलच्या आधी बघा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 2012 चा प्रोसेसर विंडोज 11 ला चालणाऱ्यांच्या यादीत नाही, तेव्हा नेट, यूट्यूब, थोडं टायपिंग एवढंच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका.

कॉपी करताना वेळ धरून चाला. यूएसबी 2.0 पोर्टवर सेकंदाला साधारण 30 एमबी मिळतात, म्हणजे 300 जीबीला तीन तास सहज, आतून निळं असलेलं (वेगवान यूएसबी 3.0) पोर्ट असेल तर ते वापरा. पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर तो फॅट32 या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, आतला माल दुसरीकडे हलवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. 64 जीबीचं कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपच्या खाचेत दिसत नसेल तर कार्ड लगेच फेकू नका, 32 च्या पुढची एसडीएक्ससी कार्डं जुन्या रीडरना कळत नाहीत, यूएसबी रीडर लावून बघा. आणि स्टेशनबाहेर स्वस्तात 2 टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर चालत राहा, आत जागा थोडीच असते, आकडा फक्त खोटा दाखवतात, आणि भरल्यावर पुढच्या फाइल्स गायब. घेतलाच असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा.

खरेदीला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जा, रविवारी नको, बरीच दुकानं बंद असतात. बिलावर एसएसडीचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो. आणि काम तिथेच करून घेतलंत तर जुनी डिस्क हातात घेऊनच निघा, 'एक्स्चेंजमध्ये देऊन टाका साहेब' म्हणाले तरी नाही म्हणा, नुसतं क्विक फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरून तुमचं पॅन कार्ड, पासबुक सगळं परत काढता येतं.