साहेब सीसीत का होते?

दसरा झाला की माझ्याकडे एक ठरावीक तक्रार येऊ लागते. "मॅडम, एरवी मी अशी नाही हो. पण या दिवसांत ऑफिसचे मेल लिहिताना तोल जातो." दिवाळी संपली की ती थांबते आणि ३१ मार्चच्या तोंडावर पुन्हा सुरू होते.

मेधा (नाव बदललंय) त्यातलीच. अंधेरीत मिठाईचे आणि गिफ्टचे खोके बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅच बघते, राहते डोंबिवलीला. धनत्रयोदशीला आठवडा उरलेला आणि भिवंडीच्या ट्रान्सपोर्टरकडे गाड्या आहेत तर ड्रायव्हर नाहीत. दिवाळी आणि पाठोपाठ छठ, त्यामुळे उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं गावी निघालेली. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी सगळ्यांना नव्याने धक्का बसतो.

चकल्यांचा शेवटचा घाणा काढून रात्री पावणेबाराला तिने ट्रान्सपोर्टच्या माणसाला मेल ठोकला. सीसीत त्याचा मालक, तिचे साहेब, अकाउंट्स. सकाळी साहेबांनी बोलावून "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" एवढंच म्हटलं. तेच तिला लागलं होतं.

मेल मी वाचला. सुरुवात 'अ‍ॅज पर माय अर्लियर थ्री मेल्स', शेवट 'काइंडली डू द नीडफुल'. वावगा शब्द एकही नाही, तरी वाचताना कुणी कॉलर धरल्यासारखं वाटत होतं.

"हेच मला मराठीत सांग. त्यांना फोन लावलाय असं समज."

"हॅलो, भाऊ... अहो, मी तुम्हाला याआधी तीन वेळा..." ती थांबली. हसली. "असं मी त्यांना म्हणणारच नाही."

"मग काय म्हणशील?"

"अहो भाऊ, उद्या दुपारपर्यंत एक तरी गाडी द्या ना. नागपूरचे दोनशे खोके तेवढे काढू, बाकीचे परवा चालतील."

किती माल, कुठला, कधीपर्यंत, काय थांबू शकतं, हे सगळं त्या दोन वाक्यांत आलं. मेलमध्ये मात्र तो किती वेळा चुकला याचाच हिशेब होता. आपल्यातल्या बहुतेकांचं इंग्रजी कामापुरतं. आपलं सगळं आर्जव 'अहो', 'ना', 'जरा', 'तेवढं' असल्या चिमुकल्या शब्दांत असतं. इंग्रजीत ते गळून पडतात आणि त्यांच्या जागी येतं 'काइंडली', जे नोटिशीत शोभतं. म्हणून मी सांगते, मेल आधी मनात मराठीत बोला, मग लिहा.

पण एवढ्याने भागलं नसतं. मी विचारलं, साहेबांना सीसीत का घेतलंस? बराच वेळ ती ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली. मग कळलं की भाऊबीजेची रजा दोनच दिवसांपूर्वी नाकारली गेली होती. भाऊ तीन वर्षांनी घरी येणार होता. "बघा, मी इथे किती मरतेय" हे तिला साहेबांना ऐकवायचं होतं. भिवंडीचा माणूस बिचारा मध्ये सापडला.

त्यामुळे आम्ही दोन मेल ठरवले. एक साहेबांना, फक्त रजेबद्दल. दुसरा भिवंडीला: 'कालचा मेल रागात लिहिला, सॉरी', आणि खाली नागपूरच्या खोक्यांच्या दोन ओळी. सीसीत तीच सगळी माणसं. ती कां-कूं करत होती, पण ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच माफी मागावी, याबाबतीत मी हट्टी आहे.

बाकी उपाय साधे. 'टू'चा रकाना शेवटी भरायचा. रात्री लिहिलेला मेल सकाळी साडेनऊला जाईल असा शेड्यूल करायचा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला मुळात ५ सेकंद मिळतात. संगणकावर सेटिंग्जमध्ये जाऊन ते ३० करता येतात. ३० सेकंदांत राग जात नाही, पण सीसीत कोण कोण आहे ते दिसतं.

भिवंडीहून मेलला उत्तर आलं नाही, फोन आला. "ताई, एक गाडी मिळतेय, पण लोडिंग रात्री करावं लागेल."

भाऊबीजेची रजा अर्धीच मिळाली. त्यावरचा मेल तिने लिहून ठेवलाय. 'टू' अजून रिकामं आहे.